बालमजुरी आणि शाळेतली हजेरी: भारत-बांगलादेश तुलना करायची कशी

‘भारतात ५ ते १४ वयाची ३.९ टक्के मुलं कामाला जातात, बांगलादेशात ४.४ टक्के, म्हणजे दोन्हीकडे साधारण सारखंच.’ असं वाक्य प्रबंधात, बातमीत, स्पर्धा परीक्षेच्या निबंधात कुठेही सापडतं. त्यातले दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आपल्या २०११ च्या जनगणनेतला, दुसरा बांगलादेशच्या २०२२ च्या राष्ट्रीय बालमजुरी सर्वेक्षणातला. तरीही वाक्य टाकाऊ आहे. पहिला आकडा ५ ते १४ वयाचा, दुसरा ५ ते १७ वयाचा. पहिल्यात मागच्या वर्षभरातलं काम मोजलंय, दुसऱ्यात मागच्या सात दिवसांतलं. पहिल्यात काम करणारं प्रत्येक मूल धरलंय, दुसऱ्यात ‘परवानगी असलेलं’ काम करणारी मुलं आधीच वगळलीत. शिवाय मध्ये अकरा वर्षं गेली आहेत.

तुलनेची खरी मेहनत आकडे शोधण्यात नसते. ते अर्ध्या तासात मिळतात. मेहनत असते ते एका मापाने मोजण्यात. पुढची पद्धत भारत आणि बांगलादेश या जोडीवर मांडली आहे. नेपाळ, पाकिस्तान किंवा घाना घेतलं तरी क्रम हाच राहील.

आधी कायद्यातली वयं

कागदाचे दोन भाग करा आणि प्रत्येक देशासाठी दोन वयं लिहा: शाळा कोणत्या वयापर्यंत सक्तीची, आणि काम कोणत्या वयापासून चालतं.

भारतात शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयासाठी. बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलला. त्यानंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. पण याच दुरुस्तीत एक फट आहे: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात ‘मदत’ करायला मोकळीक आहे, काम धोकादायक नसलं म्हणजे झालं. घरी शिवणकाम घेणाऱ्या कुटुंबात मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे निरीक्षकालाही सांगता येत नाही, मग सर्वेक्षणाच्या गणकाला कुठून सांगता येणार?

बांगलादेशात कामाचं किमान वय १४ आहे, २००६ च्या श्रम कायद्याने. पण सक्तीचं शिक्षण १९९० च्या कायद्याने फक्त प्राथमिक, म्हणजे पाचवीपर्यंत, साधारण ६ ते १० वयाचं. ते आठवीपर्यंत नेण्याची गोष्ट २०१० च्या शैक्षणिक धोरणात आली, पण कायदा तिथेच राहिला. म्हणजे ११ ते १३ वयाचं मूल कायद्याने शाळेला बांधलेलं नाही आणि कायद्याने कामावरही जाऊ शकत नाही. भारतात ही पोकळी कागदावर तरी नाही. म्हणून या जोडीत सगळ्यात जास्त सांगून जाणारा वयोगट ११ ते १३ हाच आहे. ५ ते १७ ची सरासरी काढली की नेमकी हीच तीन वर्षं पुसली जातात.

आंतरराष्ट्रीय करारांची नोंद टिपेत ठेवा, त्यावरून निष्कर्ष काढू नका. भारताने किमान वयाचा १३८ क्रमांकाचा आणि अतिघातक कामांचा १८२ क्रमांकाचा असे दोन्ही करार जून २०१७ मध्ये स्वीकारले. बांगलादेशने १८२ क्रमांकाचा २००१ मध्ये आणि १३८ क्रमांकाचा २०२२ मध्ये. सही झाली म्हणून त्या वर्षी मुलं शाळेत गेली असं होत नाही.

‘काम’ म्हणजे काय, हे तासांत ठरवा

इथे स्वतःची व्याख्या रचू नका. शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या ८.७.१ क्रमांकाच्या निर्देशकाची घ्या, कारण दोन्ही देशांच्या आकडेवारीवर ती कमीअधिक बसवता येते. ती अशी: ५ ते ११ वयात आठवड्याला १ तास जरी आर्थिक काम केलं तरी बालमजुरी, १२ ते १४ वयात १४ तास किंवा जास्त, १५ ते १७ वयात ४३ तास किंवा जास्त. शिवाय ५ ते १४ वयात घरकाम आठवड्याला २१ तास किंवा जास्त असेल तर तेही बालमजुरीत धरायचं.

शेवटची अट धरायची की नाही, हे सुरुवातीलाच ठरवा आणि तक्ता दोन्ही प्रकारे काढा. घरकाम वगळलं की मुली तक्त्यातून गायब होतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली बारा वर्षांची मुलगी जनगणनेत ‘बिगर-कामगार’ असते, शाळेच्या पटावर ‘विद्यार्थिनी’ असते, आणि प्रत्यक्षात ती दोन्ही नसते.

पाणी आणि सरपण आणणं हे सगळ्यात गोंधळाचं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबपद्धतीत ते उत्पादनात मोडतं. आपल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या संकेतांत मात्र घरकामासोबत सरपण, चारा वगैरे गोळा करणाऱ्याला ९३ हा संकेत मिळतो आणि ९३ वाला कामगारांत मोजला जात नाही. बांगलादेशच्या बहुनिर्देशक सर्वेक्षणात (त्याबद्दल पुढे) पाणी आणि सरपण यांचे तास स्वतंत्र प्रश्नांत येतात. एका देशात धरलं आणि दुसऱ्यात सोडलं तर ग्रामीण मुलींचा सगळा निकाल उलटा होऊ शकतो. दोन्हीकडे सारखं वागा. कसं वागलात ते लिहा.

बांगलादेशच्या स्वतःच्या सर्वेक्षणाचे आकडे वाचताना तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा. २०२२ मध्ये ५ ते १७ वयाची काम करणारी मुलं ३५.४ लाख होती. त्यातली बालमजूर म्हणून मोजलेली १७.८ लाख, आणि त्यातलीही धोकादायक कामातली १०.७ लाख. टक्क्यांत बोलायचं तर अनुक्रमे साधारण ८.९, ४.४ आणि २.७. तिन्ही आकडे एकाच पुस्तिकेतले आहेत. कोणता उचलायचा यावर मथळा ठरतो. धोकादायक कामांची सरकारी यादीही बदलते: २०१३ मध्ये ३८ कामं होती, २०२२ मध्ये ती ४३ झाली. यादी वाढूनही धोकादायक कामातली मुलं २०१३ च्या १२.८ लाखांवरून खाली आली, तर एकूण बालमजूर १७ लाखांवरून किंचित वाढले. ‘घट झाली’ आणि ‘वाढ झाली’ या दोन्ही बातम्या एकाच अहवालातून निघाल्या, त्या अशा.

कोणती फाईल घ्यायची

बांगलादेशसाठी दोन पर्याय आहेत. एक त्यांच्या सांख्यिकी विभागाचं राष्ट्रीय बालमजुरी सर्वेक्षण, दुसरं युनिसेफच्या मदतीने झालेलं २०१९ चं बहुनिर्देशक सर्वेक्षण, ज्याला सगळे ‘मिक्स’ म्हणतात. दुसऱ्याची मूळ फाईल युनिसेफच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळते, एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरच्या स्वरूपात. साठ हजारांहून जास्त कुटुंबं आहेत, त्यामुळे विभागवार तोडूनही काहीतरी हाती उरतं. त्यात ५ ते १७ वयाची ६.८ टक्के मुलं बालमजूर निघाली. राष्ट्रीय सर्वेक्षणाचे ४.४ आणि याचे ६.८ यांत ‘खरा’ कोणता असं विचारू नका. व्याख्या वेगळ्या आहेत.

‘मिक्स’मध्ये ‘एफएस’ नावाची फाईल उघडा; हीच ५ ते १७ वयाच्या मुलांची. प्रत्येक घरातून त्या वयाचं एकच मूल सोडतीने निवडलेलं असतं. त्यामुळे चार मुलं असलेल्या घरातलं एक मूल चार मुलांचं प्रतिनिधित्व करतं. ‘एफएसवेट’ हा भार, म्हणजे एक मूल किती मुलांच्या वतीने मोजायचं तो आकडा, लावला नाही तर मोठ्या कुटुंबांतली, म्हणजे बहुधा गरीब घरांतली, मुलं कमी मोजली जातात आणि बालमजुरी खोटीच कमी दिसते. नवखे लोक ही चूक फार वेळा करतात, आणि निकाल पटण्याजोगा दिसत असल्यामुळे ती लक्षातही येत नाही. दुसरं, हा भार नमुन्याच्या आकाराएवढा जुळवून घेतलेला असतो. त्यातून टक्के काढा. ‘इतके लाख’ असा आकडा त्यातून निघत नाही.

भारताची अडचण वेगळी. आपल्याकडे देशभराचं ‘मिक्स’ २००० नंतर झालेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत मुलांच्या कामाचे प्रश्न होते आणि ५ ते १४ वयाची जवळपास १२ टक्के मुलं कामात सापडली. त्याच्या अलीकडे-पलीकडे झालेल्या दोन जनगणनांनी ५ आणि ३.९ टक्के सांगितले होते. आई शेजारी बसवून ‘मागच्या आठवड्यात याने शेतात, दुकानात, गुरांमागे काही केलं का’ असं एकेक विचारलं की उत्तर वेगळं येतं. घरप्रमुखाला ‘हा काम करतो का’ असं एका ओळीत विचारलं की ‘नाही, शाळेत जातो’ हेच उत्तर येणार.

आजच्या घडीला हाताशी आहे ते नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस. २०१७-१८ पासून सुरू आहे, मूळ फाईल सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते. छापील अहवालाचा भर १५ वर्षांवरच्यांवर असतो, पण फाईलमध्ये लहान मुलंही असतात. २०२४ पर्यंतच्या वर्षांसाठी पहिल्या भेटीची फाईल घ्या. पुन्हा भेटीची मिसळलीत तर तीच माणसं दोनदा येतील. भाराचा रकाना जसाच्या तसा लावू नका. सोबतच्या वाचनपत्रात सूत्र दिलेलं असतं, त्याप्रमाणे तो १०० ने किंवा २०० ने भागायचा आणि वर्षभराच्या आकड्यासाठी तिमाहींच्या संख्येनेही भागायचा. ताळा सोपा आहे: सगळ्या भारांची बेरीज देशाच्या लोकसंख्येच्या जवळपास यायला हवी. शंभरपट आली तर भागायला विसरलात.

२०२५ पासून या सर्वेक्षणाचा नमुना आणि वेळापत्रक दोन्ही बदललं. त्यामुळे २०२४ पर्यंतची मालिका आणि नंतरची मालिका एकाच रेषेत ओढू नका.

भारताच्या फाईलमधला सापळा: ९१

पीएलएफएसमध्ये माणसाची ‘नेहमीची मुख्य स्थिती’ वर्षातला जास्त वेळ कशात गेला यावरून ठरते. शाळेत जाणाऱ्या मुलाला ९१ मिळतो. ते मूल रोज संध्याकाळी तीन तास वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात बसत असलं तरी मुख्य स्थितीत ते फक्त विद्यार्थी. मुख्य स्थितीवरून तक्ता काढला तर ‘शाळा आणि काम दोन्ही’ हा रकाना जवळजवळ रिकामा येतो, आणि मग लोक लिहितात की भारतात शाळेत जाणारी मुलं काम करत नाहीत.

उपाय दोन. दुय्यम स्थितीचा रकाना बघा. तिथे २१, म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, सापडू शकतो. किंवा सरळ ‘चालू साप्ताहिक स्थिती’ घ्या. तिच्यात कामाला अग्रक्रम आहे: सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस कामगार, मग तो विद्यार्थी असो वा नसो. बांगलादेशच्या ‘मिक्स’चाही संदर्भ मागचा आठवडाच असल्यामुळे तुलनेसाठी ही साप्ताहिक स्थितीच बरी. पीएलएफएस रोजचे कामाचे तासही नोंदवतं. सात दिवसांचे जोडा आणि वर दिलेल्या १, १४ आणि ४३ च्या मर्यादा लावा. शाळेत जातो की नाही हे ९१ वरून ठरवू नका. शिक्षणाचा स्वतंत्र रकाना आहे, तो वापरा.

घरकामाचे तास मात्र पीएलएफएसमध्ये नाहीत. त्यासाठी वेळेच्या वापराचं सर्वेक्षण घ्यावं लागतं; ते २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झालं. त्यात ६ वर्षांवरच्या प्रत्येकाच्या एका दिवसाचा, पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशोब आहे. एका दिवसाला सातने गुणून ‘ही मुलगी आठवड्याला २१ तास घरकाम करते’ असं एकेका मुलीबद्दल म्हणता येत नाही, कारण तो दिवस रविवार असू शकतो. गटाची सरासरी काढता येते. म्हणून घरकाम धरलेला तक्ता भारतासाठी अदमासाचाच राहील, तसं त्याखाली लिहून ठेवा.

चार खणांचा तक्ता

आता मुख्य काम. प्रत्येक मूल चारपैकी एका खणात टाका: फक्त शाळा, शाळा आणि काम, फक्त काम, यांपैकी काहीच नाही. बेरीज १०० यायला हवी.

हा तक्ता न काढता दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवल्या तर काय होतं ते एका काल्पनिक उदाहरणावरून बघा. समजा, पहिल्या देशात १०० पैकी ८० मुलं फक्त शाळेत, १२ दोन्हीकडे, ३ फक्त कामाला, ५ कुठेच नाहीत. दुसऱ्या देशात ८५ फक्त शाळेत, १ दोन्हीकडे, ६ फक्त कामाला, ८ कुठेच नाहीत. पहिल्या देशात काम करणारी मुलं १५, दुसऱ्यात ७. म्हणजे दुसरा देश बरा? पण शाळेत जाणारी पहिल्यात ९२ आहेत, दुसऱ्यात ८६. आणि शाळा पूर्ण सुटलेली पहिल्यात ८, दुसऱ्यात १४. पहिल्या देशात प्रश्न आहे तो शाळेनंतरच्या कामाचा, दुसऱ्यात शाळाच सुटण्याचा. दोन्हींवर औषध एक नाही.

हे नुसतं कागदी उदाहरण नाही. १९९० च्या दशकातल्या आकडेवारीवर पेरू आणि पाकिस्तान यांची अशीच तुलना झाली होती. पेरूत काम करणारी बहुतेक मुलं शाळेतही जात होती. पाकिस्तानात कामाला लागलेल्या मुलाची शाळा बहुधा सुटलेली असे. कामाची टक्केवारी एवढ्यावरून हा फरक दिसला नसता.

‘यांपैकी काहीच नाही’ हा खण रिकामटेकड्यांचा समजू नका. त्यात घरकामात अडकलेल्या मुली असतात, आजारी आणि अपंग मुलं असतात, काम शोधणारी असतात, आणि घरच्यांनी ज्यांचं काम सांगितलंच नाही अशीही असतात. घरकामाचे तास असतील तर हा खण आणखी फोडा.

तक्ता वयोगटवार काढा: ६ ते १०, ११ ते १३, १४ ते १७. मग मुलगे आणि मुली वेगळे. मग शहर आणि गाव. यापुढे तोडण्याआधी नमुना मोजा. एखाद्या गटात १,००० मुलं असतील आणि त्यातली ४ टक्के बालमजूर असतील, तर तुमचा सगळा निष्कर्ष ४० मुलांवर उभा आहे. साध्या सोडतीच्या नमुन्यात त्याची चूक-मर्यादा १.२ टक्के दोन्ही बाजूंना. पण ही सर्वेक्षणं गावोगावच्या गठ्ठ्यांत होतात. त्यामुळे विचरण, म्हणजे अंदाजातला चढउतार मोजणारं माप, दुप्पट झालं असं धरलं तर मर्यादा १.७ वर जाते. म्हणजे ४ आणि ५.५ यांतला फरक ‘फरक’ म्हणून लिहिता येणार नाही.

शाळेतली हजेरी: पट, हजेरी आणि ‘या वर्षी कधीतरी’

शाळेच्या बाजूला तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने फिरतात.

पहिली, पटनोंदणी. शाळा सरकारला कळवते ती. पटावर अनुदान, शिक्षकांची पदं, तांदूळ असं बरंच काही अवलंबून असल्याने तो फुगतो. महाराष्ट्रात २०११ मध्ये पटपडताळणी झाली तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे ही माहिती ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात येते. तिच्यात २०२१-२२ साली २६.५ कोटी विद्यार्थी होते, २०२३-२४ साली २४.८ कोटी. पण मधल्या काळात शाळेऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद घ्यायला सुरुवात झाली आणि दुहेरी नावं गळाली. ही घट म्हणजे तितकी मुलं शाळा सोडून कामाला लागली, असं म्हणणं अडाणीपणाचं होईल.

दुसरी, घरी जाऊन विचारलेली हजेरी. ‘मिक्स’मधला प्रश्न साधारण असा असतो: चालू शैक्षणिक वर्षात हे मूल कधीही शाळेत गेलं का? वर्षात एक दिवस गेलं तरी उत्तर ‘हो’.

तिसरी, त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष बसलेली डोकी. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत पट आणि ही हजेरी दोन्ही एकत्र दिसतं. २०२४ मध्ये ६ ते १४ वयाची ९८.१ टक्के मुलं शाळेत दाखल होती, पण पाहणीच्या दिवशी सरकारी प्राथमिक शाळांतली सरासरी हजेरी ७५.९ टक्के होती. म्हणजे या शाळांच्या पटावरची साधारण चोवीस टक्के मुलं त्या दिवशी वर्गात नव्हती. ती कुठे होती? काही आजारी, काही लग्नाला, काही शेतात. बालमजुरीचा बराचसा भाग या फटीत बसतो आणि कोणत्याही पटावर दिसत नाही.

नियम एवढाच: दोन्ही देशांसाठी एकाच प्रकारची हजेरी घ्या. एकीकडे पट आणि दुसरीकडे घरचं उत्तर असं चालणार नाही. ‘शाळाबाह्य’ या शब्दाचंही तसंच. महाराष्ट्रात सलग महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात. हीच मुदत दुसरीकडे वेगळी असते. स्थूल नोंदणी दर तर वापरूच नका. त्यात वयाने मोठी, नापास होऊन मागे राहिलेली मुलंही धरलेली असल्याने तो १०० च्या वरही जातो.

बांगलादेशच्या बाजूला आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. तिथे कौमी, म्हणजे सरकारी व्यवस्थेबाहेर चालणारे, मदरसे मोठ्या संख्येने आहेत आणि ते सरकारच्या नोंदीत नीट येत नाहीत. ब्रॅकसारख्या संस्थांच्या अनौपचारिक शाळाही आहेत. यांना शाळा धरायचं की नाही? घरोघरच्या सर्वेक्षणात आई ‘जातो’ म्हणेल, शिक्षण खात्याच्या गणनेत मूल दिसणार नाही. आणि तिथलं शालेय वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. २०१९ चं ‘मिक्स’ वर्षाच्या पहिल्या सहामाहीत झालं, म्हणजे नवं वर्ष नुकतं सुरू झालेलं. मुलाचं वय मुलाखतीच्या दिवशीचं न धरता शालेय वर्ष सुरू होतानाचं काढा, नाहीतर पाचवीतून सहावीत जाण्याच्या उंबरठ्यावरची मुलं चुकीच्या गटात पडतील. भारतात शालेय वर्ष राज्यागणिक वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होतं आणि पीएलएफएस बारा महिने चालतं, तेव्हा शाळेच्या सुट्टीतल्या मुलाखती वेगळ्या ओळखून ठेवा. मे महिन्यात शेतात असलेलं मूल आणि ऑगस्टमध्ये शेतात असलेलं मूल एक नव्हे.

करोनाचं वर्षही तसंच हाताळावं लागतं. बांगलादेशात शाळा मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ बंद होत्या. त्या काळातली कुठलीही हजेरी तुलनेत घेऊ नका.

जी मुलं कोणत्याच फाईलमध्ये नाहीत

घरोघरचं सर्वेक्षण घर असलेल्यांचं असतं. ढाक्यात मालकिणीच्या घरी राहून काम करणारी मुलगी कुटुंबाच्या यादीत सांगितली जाईलच असं नाही. रस्त्यावर झोपणारी मुलं यादीत नसतातच. म्हणून बांगलादेशच्या सांख्यिकी विभागाला २०२२ मध्ये रस्त्यावरच्या मुलांचं वेगळं सर्वेक्षण करावं लागलं. सुकी मासळी, चामड्याचे जोडे, वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती आणि स्थानिक शिवणकाम या पाच धंद्यांची वेगळी पाहणीही त्यांनी केली, कारण घरच्या प्रश्नावलीत ही मुलं हाती लागत नव्हती.

आपल्याकडे हीच जागा स्थलांतराची. बीडच्या ऊसतोड कामगाराचं मूल दिवाळीच्या सुमारास फडावर जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. गावात गणक गेला तर घराला कुलूप, फडावर गेला तर कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, घरक्रमांक नाही. पट गावातल्या शाळेत असतो. मूल वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतं, मोळ्या बांधायला हात लावतं, लहान भावंडाला सांभाळतं. उचल ‘कोयत्या’ची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची असते, मुलाच्या नावाने काहीच नसतं. त्याला मजूर कोण म्हणणार? साखरशाळा, हंगामी वसतिगृहं, शिक्षण हमी पत्रक ही सगळी धडपड याच पाच-सहा महिन्यांसाठी आहे. तुमच्या तक्त्यात ही मुलं नाहीत हे मान्य करा आणि शक्य तर हंगामातल्या आणि हंगामाबाहेरच्या महिन्यांचे आकडे वेगळे काढा. बांगलादेशात वीटभट्ट्या आणि भाताच्या कापणीचे महिने असेच वेगळे बघावे लागतील.

तुलनेचं एकक म्हणून अख्खा भारत घेण्यापेक्षा पश्चिम बंगाल विरुद्ध बांगलादेश अशी जोडी अनेकदा जास्त बोलकी ठरते. भाषा एक, भाताचं पीक एक, बिडीचा धंदा दोन्हीकडे. कायदा आणि शाळा मात्र वेगळ्या. पीएलएफएसमधून राज्य वेगळं काढता येतं. फक्त नमुना लहान होतो, तेव्हा दोन-तीन वर्षं जोडून घ्या.

कारणं लिहिताना

‘गरिबी जास्त म्हणून बालमजुरी जास्त’ हे लिहिण्याआधी जमिनीचा रकाना बघा. घाना आणि पाकिस्तानच्या ग्रामीण आकडेवारीत असं आढळलं होतं की जास्त जमीन असलेल्या घरांतली मुलं, विशेषतः मुली, भूमिहीनांच्या मुलांपेक्षा जास्त काम करतात. जमीन आहे, मजूर मिळत नाही, घरचे हात फुकट. म्हणून उत्पन्न आणि जमीन हे दोन वेगळे घटक म्हणून ठेवा. ‘मिक्स’मधले पाच संपत्तीगट त्या-त्या देशापुरते असतात, बांगलादेशचा सगळ्यात खालचा पाचवा हिस्सा आणि भारताचा सगळ्यात खालचा पाचवा हिस्सा सारखा गरीब नसतो.

दुसरा मोह म्हणजे ‘मुलं शाळेत आली की काम सुटतं’ असं धरून चालणं. बांगलादेशने १९९३ मध्ये ‘शिक्षणासाठी अन्न’ योजना सुरू केली: मूल शाळेत पाठवा, धान्य घ्या. शाळेतली मुलं भरपूर वाढली. पण त्या योजनेचा अभ्यास झाला तेव्हा काम जेवढं घटलं ते मुलग्यांत शाळेतल्या वाढीच्या चौथ्या हिश्श्याएवढं आणि मुलींत आठव्या हिश्श्याएवढंच निघालं. बाकीची शाळा खेळाच्या आणि रिकाम्या वेळातून आली. आपल्या पोषण आहाराबद्दल लिहितानाही हजेरी वाढली आणि मजुरी घटली ही दोन वेगळी वाक्यं ठेवा, दोन्हींना वेगळा पुरावा द्या.

बंदीचंही तसंच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बालमजुरीच्या मालावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला आणि ढाक्यातल्या कपडा कारखान्यांनी घाईघाईने मुलांना काढून टाकलं. त्यातली बरीच मुलं शाळेत गेली नाहीत. विटा फोडण्यासारख्या वाईट कामांकडे वळली. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला, आणि शाळेत जागा असल्याशिवाय मुलाला काढायचं नाही असं ठरलं. कपडा उद्योगाचा तेवढाच आकडा पाहणाऱ्याला १९९३-९४ मध्ये मोठं यश दिसलं असतं.

तक्त्याखालची टीप

छापण्याआधी प्रत्येक तक्त्याखाली पाच गोष्टी लिहा: वयोगट; संदर्भकाळ सात दिवसांचा की वर्षाचा; तासांची मर्यादा; घरकाम, पाणी आणि सरपण धरलंय की नाही; हजेरी म्हणजे पट, घरचं उत्तर की वर्गातली मोजणी. सोबत प्रत्येक गटातली प्रत्यक्ष नमुनासंख्या, भार लावण्याआधीची. ५० पेक्षा कमी मुलं असलेल्या खणातली टक्केवारी कंसात टाका, २५ पेक्षा कमी असतील तर फुली मारा. टीप तक्त्यापेक्षा लांब झाली तर होऊ द्या.